कार्यालयातील प्रिंटर : जोडणी, चाचणी आणि पहिला कागद

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येस, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला किनवट तालुका डोंगराळ आणि वनव्याप्त आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा भाग हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. आज त्याची एक सीमा तेलंगणाला व दुसरी यवतमाळ जिल्ह्याला भिडलेली असून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. इस्लापूर, जलधरा, शिवणी, बोधडी, मांडवी या बाजूंच्या वाड्या-तांड्यांतून आणि गोंड, कोलाम, आंध वस्त्यांतून माणूस कामासाठी तालुक्याला निघतो, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे खिशातून गेलेले असते. त्याच्या अर्जाची नोंद संगणकात झालेली असते, अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरीही झालेली असते, शुल्काची पावती त्याच्या हातात असते. एवढे सर्व होऊनही 'प्रिंटर चालत नाही' हे तीन शब्द ऐकून त्याला परत फिरावे लागले, तर त्याच्या दृष्टीने काम झालेलेच नसते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मुदत मोजणाऱ्याला यंत्र बंद होते असे सांगून भागत नाही. तथापि अनेक कार्यालयांतील अनुभव असा की, प्रिंटर बिघडतो त्यापेक्षा तो चुकीच्या रीतीने जोडला जातो हेच अधिक वेळा घडते. जोडणारा माणूस विक्रेत्याकडून येतो, अर्ध्या तासात यंत्र सुरू करून निघून जातो, आणि त्याने काय केले हे कार्यालयात कोणालाच ठाऊक नसते. पुढे टेबल हलले, संगणक बदलला किंवा केंद्रचालकाची जागा रिकामी झाली की यंत्र मुके होते. जोडणीचे ज्ञान कार्यालयाकडे असावे, एखाद्या व्यक्तीकडे नव्हे, या दृष्टीने त्या अर्ध्या तासात नेमके काय घडते ते येथे क्रमाने पाहू.

यंत्र कोणते?

एक काळ असा होता की तालुका कचेरीत परिपत्रकाच्या प्रती काढावयाच्या म्हणजे स्टेन्सिल टंकलिखित करून चक्रमुद्रण यंत्रावर चढवावे लागे. सातबाराचा उतारा तलाठी हाताने लिहून देत. पुढे संगणक आला आणि त्याच्यासोबत करकर वाजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आला. ग्रामपंचायतींपर्यंत ही साधने मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती २०११ पासून संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, म्हणजे 'संग्राम', या प्रकल्पातून. त्यानंतर ते काम आपले सरकार सेवा केंद्रांकडे आले. शासकीय परिभाषेत या यंत्राला 'मुद्रक' म्हणतात. परंतु छापखान्याच्या मालकालाही मुद्रकच म्हणत असल्याने आणि कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वजण प्रिंटरच म्हणत असल्याने येथेही तोच शब्द योजिला आहे.

डॉट मॅट्रिक्समध्ये बारीक सुया शाईच्या फितीवर आघात करून कागदावर ठिपके उमटवितात. आघात होत असल्याने कार्बन लावून एकाच वेळी दोन-तीन प्रती निघतात. बँकेतील पासबुक छापणारे यंत्र याच जातीचे आहे. नऊ सुयांच्या यंत्रावर देवनागरीच्या वेलांट्या व जोडाक्षरे कोंदटतात, चोवीस सुयांच्या यंत्रावर ती बरी उमटतात. इंकजेटमध्ये सूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर पडतात. छपाई स्वस्त होते, रंगही मिळतो. मात्र यंत्र आठ-पंधरा दिवस न वापरता ठेवले तर छिद्रांत शाई वाळते. आठवडी बाजाराच्या दिवशीच ज्या केंद्रात गर्दी होते आणि एरवी शांतता असते, तेथे ही उणीव जाणवते. शिवाय या शाया बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या असतात, म्हणून पावसात भिजलेल्या पिशवीतील दाखला फिकट होऊ शकतो.

लेसर प्रिंटरची रीत निराळी आहे. चेस्टर कार्लसन यांनी १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने कोरड्या पुडीने प्रतिमा उमटविण्याची युक्ती साधली. तिच्यावरच झेरॉक्सचे यंत्र उभे राहिले. त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६९ च्या सुमारास त्या यंत्रात लेसर किरणाची भर घातली. किरण एका प्रकाशसंवेदी दंडगोलावर अक्षरे 'लिहितो', तेथे टोनरची पूड चिकटते, ती कागदावर येते आणि सुमारे दोनशे अंश सेल्सिअस तापमानाच्या रुळाखाली वितळून पक्की बसते. म्हणून लेसरचा कागद पाण्याने पुसला जात नाही. दाखले, उतारे, ग्रामसभेचे ठराव हेच ज्या कार्यालयाचे मुख्य काम आहे, तेथे एकरंगी लेसर प्रिंटर घेणे हेच हिताचे. रंगाचा मोह आवरावा.

जागा आणि वीज

टेबल न डगमगणारे असावे आणि यंत्राच्या मागे व बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवावी. उष्ण हवा बाहेर पडण्याचे मार्ग तेथेच असतात. खिडकीचे थेट ऊन यंत्रावर येऊ देऊ नये. लेसरचा दंडगोल प्रकाशाने खराब होतो, म्हणून नवे कार्ट्रिज वेष्टनातून काढून उघड्यावर ठेवणेही चुकीचे आहे.

विजेच्या बाबतीत एक चूक फार सर्रास होते. संगणकासाठी टेबलाखाली ठेवलेल्या यूपीएसला लेसर प्रिंटरही जोडला जातो. लेसरचा रूळ तापताना यंत्र काही क्षण शेकडो वॅट वीज ओढते. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस तो भार पेलू शकत नाही. तो किंचाळतो, बंद पडतो आणि संगणकही सोबत बंद पडतो. अर्धवट भरलेला अर्ज तेथेच जातो. लेसर प्रिंटर भिंतीवरील स्वतंत्र सॉकेटला जोडावा. इंकजेटचा भार अल्प असल्याने तो यूपीएसवर चालू शकतो. सॉकेटला अर्थिंग आहे किंवा नाही हे तारतंत्रीकडून एकदा मोजून घ्यावे. न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असणे चांगले. तीन पायांच्या प्लगचा वरचा जाड पाय काढून तो दोन छिद्रांत बसविण्याची जी कारागिरी काही ठिकाणी पाहावयास मिळते, ती यंत्राच्याच नव्हे तर माणसाच्याही जिवावर बेतणारी आहे.

जोडणीचा क्रम

खोके उघडल्यावर पहिले काम म्हणजे आतील सर्व रंगीत चिकटपट्ट्या, फोमचे तुकडे व पुठ्ठे शोधून काढणे. वाहतुकीत भाग हलू नयेत म्हणून त्या लावलेल्या असतात. एखादी पट्टी आत राहिली की पहिलाच कागद अडकतो आणि नवे यंत्र सदोष असल्याचा समज होतो. टोनर कार्ट्रिज आडवे धरून पाच-सहा वेळा हलके हलवावे, म्हणजे पूड सारखी पसरते. त्यावरील संरक्षक पट्टी सरळ रेषेत ओढून काढावी. शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल तर प्रथम शाई ओतल्यावर ती नळ्यांतून पुढे जाण्यास काही मिनिटे लागतात. या अवधीत यंत्र बंद करू नये.

यानंतरची चाचणी तीन टप्प्यांत करावयाची आहे. या लेखातील हाच भाग सर्वांत उपयोगाचा आहे.

पहिल्या टप्प्यात प्रिंटर एकटाच तपासावा. संगणकाची वायर लावूच नये. कागद भरावा, वीज सुरू करावी आणि पुस्तिकेत सांगितलेले बटण काही सेकंद दाबून धरावे. बहुतेक यंत्रे स्वतःच आपल्या माहितीचे एक पान छापतात. ते पान स्वच्छ आले तर यंत्र, शाई व कागद ठीक आहेत असे समजावे. पुढे कधीही छपाई अडली की प्रथम हेच पान काढून पाहावे. ते निघत असेल तर दोष प्रिंटरमध्ये नसून वायरीत किंवा संगणकात आहे. एवढे एक ज्ञान असले तरी यंत्र दुरुस्तीसाठी नांदेडला पाठविण्याची खेप पुष्कळदा वाचते.

दुसऱ्या टप्प्यात प्रिंटर व संगणक यांची ओळख करून द्यावयाची. दोघांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून संगणकात एक दुभाषी आज्ञावली बसवावी लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. यूएसबी वायरीचे चौकोनी तोंड प्रिंटरमध्ये व चपटे तोंड संगणकात जाते, आणि ती पाच मीटरहून लांब नसावी. वायर दिसली की ती लगेच जोडण्याचा मोह होतो. परंतु अनेक यंत्रांच्या बाबतीत ड्रायव्हर आधी बसवावा लागतो आणि पडद्यावर सूचना आल्यानंतरच वायर जोडावयाची असते. क्रम उलटला तर संगणक आपल्या मनाने जवळपासचा एखादा ड्रायव्हर निवडतो आणि कागदावर निरर्थक चिन्हांच्या ओळी उमटू लागतात. ड्रायव्हर नेमक्या त्याच मॉडेलचा हवा. नावातील शेवटचे एक अक्षर वेगळे असले तरी तो निरुपयोगी ठरू शकतो. तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. प्रिंटर दुरुस्तीच्या नावाने दूरध्वनी क्रमांक देऊन पैसे उकळणारी बनावट संकेतस्थळे आहेत, आणि शासकीय संगणक अशा अनोळखी माणसाच्या ताब्यात देणे ही गंभीर बाब आहे.

वायर संगणकाच्या ज्या खोबणीत प्रथम लावली, तीच खोबण तिची कायमची जागा समजावी. झाडलोट करताना वायर निघाली आणि शेजारच्या खोबणीत गेली, तर विंडोज प्रणाली पुष्कळदा त्याच यंत्राला नवा प्रिंटर समजून दुसरी नोंद करते. जुनी नोंद 'ऑफलाइन' दिसते आणि छपाईचे हुकूम तिच्याकडेच जात राहतात. खोबणीवर व वायरीवर एकाच रंगाचा ठिपका लावून ठेवावा. हा उपाय बिनखर्ची आहे.

दोन-तीन संगणकांना मिळून एक प्रिंटर वाय-फायने जोडलेला असेल, तर अडचण वेगळी येते. राऊटर प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता देतो. वीज जाऊन परत आली की तो पत्ता बदलू शकतो, मात्र संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत बसतो. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या भागात हा प्रकार वारंवार घडतो आणि त्याचे कारण कोणाच्या लक्षात येत नाही. राऊटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, ती जोडणीच्या दिवशीच करून घ्यावी.

याच टप्प्यात दोन मांडण्या तपासाव्यात. पहिली कागदाच्या आकाराची. आपल्याकडील ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो, तर अनेक ड्रायव्हर अमेरिकेतील 'लेटर' आकार गृहीत धरून चालतात, जो २१६ × २७९ मिलिमीटरचा आहे. हा फरक राहिला तर दाखल्याची शेवटची ओळ कापली जाते किंवा यंत्र कागद मागत थांबून राहते. दुसरी मांडणी नेहमीचा प्रिंटर ठरविण्याची. विंडोज १० पासून, शेवटी वापरलेला प्रिंटरच नेहमीचा मानण्याचा अधिकार प्रणाली स्वतःकडे घेऊ शकते. कोणी एकदा पीडीएफ फाईल तयार केली की पुढचा दाखला कागदावर न उतरता फाईल होऊन बसतो. हा अधिकार प्रणालीकडून काढून घ्यावा आणि आपला प्रिंटर कायम करावा.

देवनागरीची कसोटी

तिसरा टप्पा म्हणजे प्रत्यक्ष कामाचा कागद. संगणकाचे इंग्रजी चाचणीपान उत्तम आले म्हणजे काम संपले असे समजून तंत्रज्ञ निघून जातो. कार्यालयाचे काम तर मराठीत चालते. म्हणून त्याच्यासमोरच मराठी मजकूर छापून घ्यावा आणि त्यात अडचणीची अक्षरे मुद्दाम घालावीत : महाराष्ट्र, ज्ञानेश्वर, क्षेत्र, दुसऱ्या, कुऱ्हाड, ॲड., ऑगस्ट, द्वितीय, श्रद्धा. यांतील 'दुसऱ्या'मधील आडवा र मराठीची खास खूण आहे. हिंदीच्या अंगाने केलेल्या काही टंकांत तो नीट येत नाही. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले, म्हणून त्यापूर्वीच्या टंकांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. मराठी वळणाचे ल आणि श यांचाही आग्रह धरावा. शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपीचे स्वरूप निश्चित केले आहे.

जुन्या फाईली हा आणखी एक प्रश्न आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत झाले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. परंतु युनिकोड रुळेपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांचे टंक आपापल्या संकेतांनी चालत. त्यांत पडद्यावर 'ग्रामसभा' दिसले तरी संगणकाच्या स्मृतीत इंग्रजी अक्षरांचीच रांग असते. ती फाईल तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की मराठी मजकुराची चमत्कारिक रोमन अक्षरे होतात. पुष्कळ वेळा याचा दोष प्रिंटरला दिला जातो, वस्तुतः यंत्राने पडद्यावर होते तेच छापलेले असते. अशा फाईली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात आणि अन्यत्र पाठवावयाचा मजकूर टंकासह पीडीएफ करून पाठवावा.

कसोटीच्या कागदात डिजिटल स्वाक्षरीचा एखादा दाखलाही असावा. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आहे. त्यावर, ज्याला लोक अजूनही तलाठीच म्हणतात त्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या शाईच्या सहीची आवश्यकता राहिली नाही. परंतु अशा कागदाचा खरेपणा त्यावरील पडताळणी क्रमांकावर वा क्यूआर कोडवर अवलंबून असतो. टोनर वाचविण्यासाठी फिकट छपाईची मांडणी ठेवली, किंवा दंडगोलावर रेघ पडली, तर तो कोड मोबाईलला वाचता येत नाही आणि बँकेच्या खिडकीवर खरा कागद संशयास्पद ठरतो. छापलेला कोड केंद्रातच एकदा मोबाईलवर वाचून पाहावा. त्यास अर्धा मिनिट पुरतो.

बंद पडले तर

कागद बाहेर आला नाही म्हणून 'प्रिंट'चे बटण पुन:पुन्हा दाबले जाते. प्रत्येक वेळी छपाईच्या रांगेत एक काम वाढते आणि यंत्र सुरू होताच त्याच दाखल्याच्या दहा प्रती बाहेर येतात. त्यातील नऊ प्रतींवर कोणाचे तरी नाव, जात, उत्पन्न छापलेले असते आणि त्या पाठकोऱ्या म्हणून टेबलावर पडून राहतात. असे कागद फाडून टाकले पाहिजेत. रांग अडली तर ती उघडून सर्व कामे रद्द करावीत. तरीही ती हटत नसेल तर संगणक व प्रिंटर दोन्ही बंद करून प्रथम प्रिंटर व नंतर संगणक सुरू करावा. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने सावकाश ओढावा. लेसर प्रिंटर नुकताच चालला असेल तर आतील रूळ निवू द्यावा, बोट भाजते.

जोडणीच्या दिवशी एक साधी वही घालावी. यंत्राचे मॉडेल व अनुक्रमांक, खरेदीचा दिनांक, हमीची मुदत, ड्रायव्हरचे नाव व तो कोठे जतन केला ती जागा, जाळ्यावरील पत्ता, कार्ट्रिजचा क्रमांक आणि बदलल्याचे दिनांक, एवढे तीत असावे. पहिले स्वच्छ आलेले मराठी पान तीतच चिकटवावे, म्हणजे सहा महिन्यांनी छपाई फिकी झाली काय हे तुलनेने कळते. ही वही केंद्रचालकाच्या पिशवीत न राहता कार्यालयाच्या कपाटात राहावी, आणि जागेवरचा माणूस बदलला की कपाटाच्या किल्लीबरोबर तीही सोपविली जावी. ज्या ग्रामपंचायतीत हा कार्यभार एकाच माणसावर आहे, तेथे शाळेतील एखाद्या शिक्षकाला किंवा एखाद्या तरुण पंचायत सदस्याला पहिल्या टप्प्याचे पान काढण्यापुरते तरी शिकवून ठेवावे.

कागद आणि पावसाळा

किनवटच्या जंगलपट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते. उघड्या रीममधील कागद ओलावा शोषून घेतो. मग दोन-तीन पाने एकदम ओढली जातात, लेसरच्या उष्णतेने ती वळतात आणि टोनर नीट न बसल्याने अक्षरे बोटाने निघतात. रीमचे वेष्टन फाडून फेकू नये, त्यातच उरलेला कागद गुंडाळून पत्र्याच्या कपाटात ठेवावा आणि ट्रेमध्ये त्या दिवसापुरताच भरावा. सायंकाळी यंत्रावर कापड घालावे, परंतु यंत्र निवल्यानंतर. कपाटात कागदाशेजारी डांबरगोळ्या ठेवण्याची पद्धत जुनी आहे. त्यांचा दमटपणावर काही परिणाम होत नाही.

रिकामे कार्ट्रिज कार्यालयामागील खड्ड्यात टाकण्याची प्रथा मात्र तत्काळ थांबविली पाहिजे. त्यातील उरलेली पूड अतिसूक्ष्म असून ती श्वासावाटे जाऊ शकते, आणि जाळल्यास धूर विषारी होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये प्रिंटर व त्यांची कार्ट्रिजे यांचा समावेश आहे. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, संख्या वहीत लिहून ठेवावीत आणि अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच द्यावीत. प्रिंटरच निकामी झाला तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत निर्लेखनाची नोंद होईपर्यंत तो भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नये, आणि निर्लेखनापूर्वी त्याची वीजवायर व यूएसबी वायर काढून ठेवावी. बहुधा दोन्ही पुढच्या यंत्राला लागतात.